परसातील कोंबड्यांची टोचाटोची : कारणे व उपाय

आपल्या चांदवड तालुक्यात पाऊस बेभरवशाचा. कांदा, मका, बाजरी ही पिके साधली तर वर्ष सुखाचे जाते. न साधली तर घराची ओढाताण ठरलेलीच. अशा घरांतून परसात पाळलेल्या आठ-दहा कोंबड्यांचा आधार लहान दिसला तरी लहान नसतो. अंड्यांचा पैसा बहुधा घरच्या स्त्रीच्या हाती येतो, आणि मुलांच्या वह्या, दिव्याबत्तीचा खर्च, आजाऱ्याचे औषध अशा गरजा त्यातून भागतात. यास्तव परसातील एखादी कोंबडी दगावली, तर ती हानी घराला जाणवल्यावाचून राहत नाही.

रोगाने अथवा मुंगसाने कोंबडी गेली तर तिचे कारण सर्वांस समजते. परंतु कधी कधी निराळाच प्रकार घडतो. सकाळी खुराड्याचे दार उघडावे, तो एका कोंबडीच्या पाठीची पिसे उपटलेली व शेपटीच्या मुळाशी रक्त दिसते. ती कोपऱ्यात दडू पाहते आणि बाकीच्या तिच्यामागे लागून त्याच जखमेवर टोची मारीत असतात. ही गोष्ट दुर्लक्षिली, तर संध्याकाळपर्यंत ती कोंबडी मेलेली आढळते, आणि दोन दिवसांनी दुसरीची पाळी येते. मग वडील माणसे म्हणतात, "अमकी कोंबडी द्वाड निघाली," आणि ती द्वाड कोंबडी बाजारात अथवा चुलीवर जाते. तरीही टोचाटोची थांबत नाही, असा पुष्कळांचा अनुभव आहे. असे का व्हावे, आणि त्यास उपाय काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

चोचीचे काम

ज्या रानकोंबड्यापासून आपली पाळीव कोंबडी मुख्यतः उत्पन्न झाली, तो तांबडा रानकोंबडा भारताच्या उत्तर व पूर्व भागांतील जंगलांत आजही आढळतो. आपल्या सह्याद्रीच्या रानात त्याचा भाऊबंद असा राखी रानकोंबडा राहतो. हे पक्षी दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ जमीन उकरण्यात व टोचण्यात घालवितात. पाला उलटावा, किडा दिसल्यास टिपावा, दाणा दिसल्यास उचलावा, पुन्हा दोन पावले पुढे जावे, असा त्यांचा नित्यक्रम असतो.

कोंबडीला हात नाहीत. वस्तू पारखणे, उचलणे, फोडणे, अंग स्वच्छ करणे, वैऱ्याला हाकलणे ही सारी कामे ती एका चोचीनेच करते. म्हणून टोचणे हा कोंबडीचा दुर्गुण नव्हे. तो तिचा स्वभावधर्म आहे. ही चोच जमिनीवर न पडता सोबतिणीच्या अंगावर का पडू लागली, एवढाच खरा प्रश्न आहे.

दोन प्रकारच्या टोची

कोंबड्यांच्या टोचण्याचे दोन प्रकार आहेत, आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत.

पहिला प्रकार मानाचा. नॉर्वे देशातील थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे यास बालपणापासूनच कोंबड्यांचा नाद होता. आपल्याकडील कोंबड्यांपैकी कोण कोणास टोचते, हे तो वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास वहीत लिहून ठेवू लागला. पुढे मोठेपणी, सन १९२२ मध्ये, त्याने या विषयावरील आपला अभ्यास जर्मन भाषेत प्रसिद्ध केला. त्याने असे दाखविले की, प्रत्येक कळपात एक उतरंड असते. पहिली कोंबडी सर्वांस टोचते, तिला कोणी टोचीत नाही. दुसरी पहिलीखेरीज बाकी सर्वांस टोचते. आणि अगदी तळाची सर्वांच्या टोची मुकाट्याने सोसते. "बळी तो कान पिळी" हा न्याय कोंबड्यांतही चालतो, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र एकदा ही उतरंड ठरली, की भांडणे वाढत नाहीत, उलट कमी होतात. प्रत्येकीला आपली जागा ठाऊक असल्यामुळे नुसती मान उंचावली तरी दुसरी बाजूस सरते. या प्रकारची टोच बहुधा डोक्यावर अथवा तुऱ्यावर पडते, आणि ती क्षणात संपते.

दुसरा प्रकार पिसे उपटण्याचा. यात राग नसतो, धावाधाव नसते. कोंबडी शांतपणे दुसरीच्या मागे उभी राहून पाठीवरचे, शेपटीचे अथवा गुदद्वाराजवळचे पीस ओढते व पुष्कळदा खातेही. पीस निघालेल्या ठिकाणी रक्त आले, की बाकीच्यांचे लक्ष तिकडे वेधते. कोंबडीस रंग उत्तम ओळखता येतात, आणि लाल ठिपका दिसला की ती तो टोचून पाहते. एकीचे पाहून दुसरी शिकते, आणि हा प्रकार कळपभर पसरतो. जिवावर बेतते ते बहुतकरून याच टोचीने.

हा दुसरा प्रकार उत्पन्न कसा होतो? जमीन उकरण्याची व टोचण्याची जी उपजत ओढ कोंबडीत आहे, तिला योग्य वाट मिळाली नाही, की ती सोबतिणीच्या पिसांकडे वळते. आपल्यात म्हण आहे ना, "रिकामा न्हावी, भिंतीला तुंबड्या लावी," त्यातलाच हा प्रकार होय.

पिसे गेली म्हणजे टोचलीच असे नाही

उपाय करण्यापूर्वी निदान नीट करावे. पावसाळा सरून दिवस लहान होऊ लागले की कोंबड्यांची जुनी पिसे आपोआप झडून नवी येतात. ही झड बहुधा डोके व मान यांपासून सुरू होते, आणि तीत जखमा नसतात. कळपात कोंबडा असल्यास त्याच्या नखांनीही एखादीच्या पाठीची पिसे झिजतात. तिसरे कारण उवांचे व पिसवांचे. पंखाखाली व शेपटीच्या मुळाशी पिसे बाजूस सारून पाहिल्यास उवा दिसतात. लाल रंगाचे बारीक किडे दिवसा खुराड्याच्या फटींत लपतात व रात्री रक्त पितात; म्हणून रात्री दिवा घेऊन दांडीच्या खालची बाजू तपासावी. ज्या कोंबडीचे अंग किड्यांनी खाजते ती स्वतःची पिसे ओरबाडते, जखमी होते, आणि मग इतरांच्या टोचीस बळी पडते.

आपल्याकडील मुख्य कारणे

१. दाटी. चार कोंबड्यांसाठी बांधलेल्या खुराड्यात पिले मोठी होऊन दहा होतात, पण खुराडे तेवढेच राहते. तळाच्या कोंबडीला पळावयास जागा उरत नाही. रात्रीच्या निवाऱ्यात दर कोंबडीस निदान २ चौरस फूट जागा असावी. दिवसाही कोंडून ठेवावयाच्या असल्यास ४ चौरस फूट, आणि बाहेरच्या आवारात ८ ते १० चौरस फूट. म्हणजे ५ फूट लांब व ४ फूट रुंद खुराडे दहा कोंबड्यांना केवळ रात्रीपुरते पुरते.

२. उष्मा व प्रखर उजेड. चैत्र-वैशाखात पत्र्याचे छप्पर तापून आत भट्टी होते. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडी टाकून धापा टाकते, चिडखोर होते व दाणा कमी खाते. पत्र्याच्या भोकांतून येणारे उन्हाचे कवडसे पिसांवरील प्रत्येक डाग उजळून दाखवितात, आणि त्या डागांवर चोची पडतात.

३. एकसुरी दाणा. आपल्याकडे मका मुबलक. म्हणून पुष्कळ घरी कोंबड्यांपुढे मकाच टाकला जातो. तो पोटभर होतो, पण पुरेसा होत नाही. याचा हिशेब पुढे दिला आहे.

४. अंडी घालण्याच्या जागेची अडचण. अंडे घातल्यावर काही क्षण गुदद्वाराची ओलसर लाल त्वचा बाहेर दिसते. घरटे उघड्यावर व उजेडात असले, किंवा एकाच टोपलीसाठी सहा जणी ताटकळत असल्या, तर त्या क्षणी तेथे टोच बसते. ही जखम फार घातक असते.

५. नवख्या कोंबड्या. बाजारातून आणलेली कोंबडी काखेतून थेट कळपात सोडली, की ठरलेली उतरंड मोडते आणि सर्व मिळून तिच्यावर तुटून पडतात.

दाण्याचा हिशेब

अंड्यावरील कोंबडीच्या खाद्यात शेकडा १६ ते १८ भाग प्रथिने असावी लागतात. मक्यात ती शेकडा सुमारे ९ च असतात. शिवाय त्यांत काही आवश्यक घटक फारच थोडे असतात. पिसे तर जवळजवळ सर्वस्वी प्रथिनांचीच बनलेली. म्हणून केवळ मक्यावर ठेवलेली कोंबडी, विशेषतः पिसे बदलण्याच्या दिवसांत, अर्धपोटी असल्यासारखीच असते, आणि तिची चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते.

घरच्या घरी १० किलो खाद्य पुढीलप्रमाणे करता येईल. मक्याचा अथवा मका व बाजरी यांचा भरडा साडेपाच किलो, सोयाबीनची पेंड अडीच किलो, गव्हाचा कोंडा १ किलो, शिंपल्यांचा चुरा ८०० ग्रॅम, पशुखाद्याच्या दुकानात कोंबड्यांसाठी मिळणारे खनिज मिश्रण १५० ग्रॅम व मीठ ५० ग्रॅम. आता प्रथिने मोजू. भरडा मक्याचा धरल्यास त्यातून सुमारे ४९५ ग्रॅम, पेंडेतून सुमारे १,१२५ ग्रॅम, कोंड्यातून सुमारे १५० ग्रॅम. एकूण १,७७० ग्रॅम, म्हणजे शेकडा १७.७. गणिताच्या तासाला शिकलेले शेकडेवारीचे कोष्टक येथे उपयोगी पडते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

दोन गोष्टींची मात्र सावधगिरी हवी. इतका शिंपला अंड्यावरील कोंबड्यांनाच द्यावा, लहान पिलांस देऊ नये. त्याने त्यांच्या मूत्रपिंडांस अपाय होतो. मीठ वर सांगितले त्याहून अधिक घालू नये. फार मीठ कोंबडीस विषासारखे आहे. बाजारातली सुकट घालावयाची असल्यास ती धुऊन खारटपणा काढावा व मग मीठ वेगळे घालू नये. बुरशी आलेला मका अथवा पेंड कितीही स्वस्त असो, ती टाळावी. तसेच आपल्या खळ्यांवर सडक्या कांद्यांचे ढीग पडतात, म्हणून ते कोंबड्यांपुढे लोटू नयेत. अधिक कांदा खाण्यात आल्यास पक्ष्यांच्या रक्तास अपाय होतो.

खाद्य भरड्याच्या रूपात असावे, हेही महत्त्वाचे. अख्खा मका कोंबडी थोडक्या वेळात गिळून मोकळी होते व उरलेला दिवस तिला रिकामा सापडतो. भरडा टिपीत बसावयास तिला पुष्कळ वेळ लागतो.

तातडीचे उपाय

जखमी कोंबडी दिसताच तिला त्याच क्षणी वेगळी करावी. "उद्या पाहू" म्हणू नये. कोमट पाण्याने जखम धुऊन जंतुनाशक औषध लावावे. जखम खोल असल्यास किंवा गुदद्वारातून आतडे बाहेर आले असल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. उन्हाळ्यात जखमेवर माशा बसून अळ्या पडतात, यासाठी तिला सावलीत व माशांपासून दूर ठेवावे.

तिला वेगळी करावी, परंतु दृष्टीआड करू नये. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोके व तुरा यांवरून ओळखतात, आणि दोन-तीन आठवडे दिसली नाही तर आपल्याच सोबतिणीला परकी समजतात. मग बरी होऊन परतलेल्या कोंबडीवर नव्याने हल्ला होतो. म्हणून आवाराच्या एका कोपऱ्यात जाळी लावून तीमागे तिला ठेवावे, अथवा जाळीदार डालग्याखाली झाकावे. इतरांना ती दिसत राहील, पण चोच पोहोचणार नाही.

टोचणारी एकच कोंबडी असेल, तर तिलाही चार-सहा दिवस वेगळी ठेवावी. ती परतेपर्यंत उतरंड थोडी बदललेली असते व तिचा जोर ओसरतो. खुराड्यात बारदानाचे पडदे सोडून उजेड मंद करावा. एवढे केले म्हणजे जिवावरचे संकट टळते. परंतु मूळ कारण राहिले तर टोचाटोची पुन्हा सुरू होते, हे विसरू नये.

कायमचे उपाय

चोचीला दिवसभर काम देणे, हा सर्वांत मोठा उपाय होय. मोकळे सोडता येत असल्यास सोडावे. कुत्री, मुंगूस किंवा शेजाऱ्याच्या रोपांमुळे कोंडून ठेवणे भाग पडले, तर आवारात वाळलेला पाला, भुसा अथवा भाताचे तूस तीन-चार इंच पसरावे आणि त्यात सकाळ-संध्याकाळ मूठभर बाजरी उधळावी. तेवढा दाणा शोधण्यात त्यांचा वेळ जातो. लसूणघासाची अथवा कोबीच्या पाल्याची जुडी कोंबडीच्या डोक्याहून किंचित उंच टांगावी. न सोललेली मक्याची कणसे दोरीने लोंबती ठेवावीत. मक्याच्या मोसमात आपल्या तालुक्यात याला खर्च जवळजवळ नाहीच.

एका कोपऱ्यात उथळ खड्डा करून त्यात कोरडी माती व चुलीची राख घालावी. कोंबड्या तीत लोळतात, आणि उवांचा उपद्रव कमी होतो. खुराड्याच्या फटी लिंपून चुना द्यावा.

तळाच्या कोंबडीला आडोसा मिळावा म्हणून आवारात तुराट्यांचे एक-दोन कूड उभे करावेत अथवा कडब्याच्या पेंढ्या टेकवून ठेवाव्यात. मागे लागलेली कोंबडी नजरेआड झाली, की पाठलाग तेथेच संपतो. दाण्याची व पाण्याची भांडी एकाच जागी न ठेवता दोन-तीन ठिकाणी ठेवावीत; म्हणजे बलवान कोंबडीला सर्वांवर पहारा करता येणार नाही. रात्री बसण्याच्या दांडीवर प्रत्येकीस आठ-दहा इंच जागा असावी. चार-पाच कोंबड्यांमागे एक, याप्रमाणे अंडी घालण्याची अंधारी घरटी ठेवावीत. जुनी टोपली आडवी करून वर बारदान टाकले तरी भागते. उन्हाळ्यात छपरावर कडबा पसरून त्यावर पाणी शिंपडावे.

नवी कोंबडी आणावयाची तर प्रथम तीन-चार आठवडे तिला दूर, वेगळ्या भांड्यांत दाणा-पाणी देऊन ठेवावे. मानमोडीसारखा रोग बाजारातूनच घरी येतो. सन २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतात प्रथमच पक्ष्यांच्या घातक इन्फ्लुएंझाची साथ निश्चित झाली आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, ही घटना आपल्या उत्तर महाराष्ट्राने विसरण्याजोगी नाही. एकाएकी अनेक पक्षी मरू लागले तर त्यांस हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. विलगतेचा काळ निर्धोक गेल्यावर नवी कोंबडी आठवडाभर जाळीआड सर्वांना दिसेल अशी ठेवावी, आणि मग सोडावी. एकटीला सोडण्यापेक्षा दोघी-तिघींना एकदम सोडल्यास मार वाटला जातो.

चोच कापावी काय?

मोठ्या कुक्कुटशाळांत पिलांच्या चोचीचे टोक तापलेल्या पात्याने कापण्याची रीत आहे. ते पाहून परसातील कोंबडीची चोच विळ्याने अथवा कात्रीने कापण्याचा मोह काहींना होतो. तो सर्वथा टाळावा. चोच म्हणजे निर्जीव नख नव्हे. तिच्या टोकात मज्जातंतू दाट पसरलेले असतात. ती कापल्यास रक्त वाहते, वेदना दीर्घकाळ राहू शकतात आणि कोंबडीस नीट दाणा टिपता येत नाही. स्वीडन व नॉर्वे या देशांनी ही रीत कायद्याने बंद केली आहे. दहा कोंबड्यांच्या कळपात तर तिची गरजच नाही. जागा, सावली, पुरेसे खाद्य व काम या चार गोष्टी देणे आपल्या हाती असताना मुक्या जीवाचा अवयव कापणे युक्त नव्हे.

विद्यार्थ्यांसाठी एक अभ्यास

वर सांगितलेल्या नॉर्वेजियन मुलाने जे केले ते आपणांपैकी कोणासही करता येईल. त्यास वही, पेन्सिल व धीर एवढेच लागते. प्रत्येक कोंबडीच्या पायात निराळ्या रंगाचा सैल दोरा बांधावा व तो रुतत नाही ना, हे वरचेवर पाहावे. वहीत चौकटी आखून डावीकडे टोचणारीचा रंग व वर टोच खाणारीचा रंग लिहावा. रोज सकाळी दाणा टाकल्यावर पंधरा मिनिटे बसून प्रत्येक टोचीची खूण योग्य चौकटीत करावी. आठ कोंबड्या असल्यास जोड्या होतात २८. आठाला साताने गुणून दोनाने भागले की ही संख्या येते. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक जोड्यांचा निकाल कळतो आणि उतरंड आपोआप पुढे येते. कधी कधी पहिली दुसरीस, दुसरी तिसरीस, आणि तिसरी पुन्हा पहिलीस टोचते असेही आढळेल. ते चूक समजून खोडू नये.

टोच डोक्यावर पडली की पाठीवर, हेही लिहावे. पाठीवरच्या खुणा वाढू लागल्या, तर रक्त दिसण्यापूर्वीच सावध होता येते. मग वर सांगितलेल्या उपायांपैकी एकच उपाय एका वेळी करून खुणा कमी होतात काय, हे पाहावे. सर्व उपाय एकदम केले तर गुण कशाने आला ते समजत नाही. शास्त्रीय शोध म्हणतात तो याहून निराळा नसतो.

पालकांस एवढेच सांगणे आहे की, परसातील कोंबड्यांची ही देखरेख मुलांवर सोपवावी, आणि त्यांनी वहीत लिहिलेले मनावर घ्यावे. ज्या घरी मूल सांगते, "बाबा, तांबड्या दोऱ्याच्या कोंबडीला दाण्यापाशी कोणी येऊ देत नाही," आणि वडील दुसरे भांडे मांडून देतात, त्या घरची कोंबडीही वाचते व मुलाचे शिक्षणही होते.

"द्वाड कोंबडी" असे नाव ठेवणे सोपे आहे. परंतु तिला कोंडणारे आपण, तिच्यापुढे दाणा टाकणारे आपण, आणि खुराड्याचे माप ठरविणारेही आपणच. म्हणून कळपात रक्त दिसले, तर अपराधी कोण हे शोधीत न बसता प्रथम जखमीला बाजूस घ्यावे, आणि मग जागा, उजेड, दाणा व घरटी यांत आपल्याकडून काय उणे पडले ते तपासावे. बहुतेक वेळा उत्तर तेथेच सापडते.